सहीवर सही

संपादकांनी यंदा विषय दिला ‘सीमोल्लंघन’. बीड जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की आधी ऊसतोडीची टोळी आठवते. दसरा झाला की ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी, लेकरं, आणि सांगली-कोल्हापूरकडं किंवा पार बेळगावकडं निघालेला कोयता. त्या सीमोल्लंघनाला कागद लागत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असली की झालं. मला बघायचं होतं ते दुसरं सीमोल्लंघन, ज्याला कागदाशिवाय पाऊल उचलता येत नाही. आणि तो कागदही नुसता चालत नाही. त्यावर कुणाची तरी सही लागते, त्या सहीखाली शिक्का लागतो, आणि तो शिक्का खरा आहे असं सांगणारी आणखी एक सही लागते.

परदेशाच्या व्हिसासाठी दाखले प्रमाणित करून घेण्यावर लिहिणारे बहुधा मुंबई-दिल्लीच्या खिडक्यांपासून सुरुवात करतात. मी उलट्या टोकानं निघालो. बीडहून सोलापूरच्या दिशेनं मांजरसुंब्याचा घाट चढला की पाटोद्याकडं रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर बालाघाटाच्या माथ्यावरचं लिंबागणेश. भालचंद्र गणपतीचं गाव. गणपतीला हसून शाप ओढवून घेतलेल्या चंद्रानं इथं तप केलं, अशी कथा सांगतात. चतुर्थीला गर्दी, एरवी बऱ्यापैकी शांत. इथून परदेशी जाणारे काही रांगा लावून उभे नाहीत. पण शेजारपाजारच्या वाड्या-वस्त्या धरल्या तर कुणी आखातात आहे, कुणाची पोरगी नर्सिंग करून जर्मन शिकतेय, कुणाचा मुलगा पुण्यातल्या कंपनीमार्फत अमेरिकेला जाऊन तिथलाच झालाय. त्या सगळ्यांच्या फायलीतला तळाचा कागद कुठं तयार होतो, एवढंच मला पाहायचं होतं.

नोंद नसल्याची नोंद

ग्रामपंचायतीत त्या सकाळी साठी ओलांडलेल्या एक बाई भाच्याला घेऊन आल्या होत्या. माहेर लिंबागणेश, सासर दुसरीकडं. मुलगा अमेरिकेचा नागरिक झालाय आणि त्यानं आईला कायमचं बोलावून घेण्यासाठी तिकडं अर्ज केलाय.

“भाऊसाहेब, आत्याचा जन्माचा दाखला पाहिजे,” भाचा म्हणाला.

“साल?”

भाच्यानं आत्याकडं पाहिलं. “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची,” बाई म्हणाल्या. “चांगली कळती होते.”

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. कागदोपत्री आता ते ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालेत, पण बोलण्यात ते भाऊसाहेबच. त्यांनी उठून कपाट उघडलं नाही. उघडून उपयोग नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, अंमल १ एप्रिल १९७०पासून. त्याआधीच्या नोंदी कुठं आहेत, कुठं नाहीत. हा मुलूख १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ला मुंबई राज्यात आला. दप्तराच्या भाषा बदलल्या, लिपी बदलली, ठेवणारी माणसं बदलली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू-मोडीतली दप्तरं बाहेर निघाली. तेव्हापासून जुन्या रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पण बाईंची ती ओळच नाही.

त्यावरचा तोडगा कायद्यातच आहे. शोध घेतला, नोंद सापडली नाही, असं निबंधकानं लिहून द्यायचं. त्याला नमुना १० म्हणतात. अमेरिकेचा व्हिसा विभाग हे जाणून आहे. भारतात १ एप्रिल १९७०पूर्वी जन्मलेल्या माणसाकडं दाखला नसेल, तर नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या जवळच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं ते विचारात घेतात. म्हणजे या बाईंना आता त्यांच्याहून वयानं मोठं, आठवण शाबूत असलेलं आणि सही किंवा अंगठा द्यायला बीडपर्यंत येऊ शकणारं माणूस शोधायचं होतं. भाच्यानं बोटं मोजली. थोरली बहीण वारली. चुलता आहे, पण ऐकू येत नाही. “मावशी आहे की नेकनूरला,” बाई म्हणाल्या, आणि दोघं मावशीच्या तब्येतीबद्दल बोलू लागली.

अमेरिकेला या कागदांवर कुठला आंतरराष्ट्रीय शिक्का लागत नाही. इंग्रजी भाषांतर, आणि ते बरोबर असल्याचं भाषांतर करणाऱ्यानं लिहून दिलेलं पुरतं. शिक्क्यांचा सोस दुसऱ्या देशांना आहे. पण त्या देशांच्या फायलीतही तळाचा कागद हाच, याच कपाटातला.

एक जूनची माणसं

दुसरा पाया शाळेत असतो. प्रवेश-निर्गम रजिस्टर, ज्याला मास्तर ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. जन्मदाखला ज्याच्याकडं नाही त्याचा जन्म या रजिस्टरात होतो. आणि तो बऱ्याचदा १ जूनला होतो.

कारण सोपं आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला घेऊन आई यायची, तिला साल अंदाजे माहीत, तारीख नाही. मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे, पोहोचला की सहा वर्षांचा धरायचे आणि १ जून लिहायचे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या कचेरीत सेवानिवृत्तीचे समारंभ ३१ मेच्या आसपास एकदम का निघतात, याचं उत्तर त्या मास्तरांच्या दौतीत आहे. इथं याचं कुणाला काही वाटत नाही. परदेशी दूतावासातल्या अधिकाऱ्याला मात्र नवरा-बायको दोघांचा आणि सासऱ्याचाही जन्म १ जूनचा दिसला की शंका येते, आणि ती यावी यात गैर काही नाही.

तारीख चुकली असेल तर शाळेतून बाहेर पडल्यावर ती बदलणं जवळपास अशक्य. माध्यमिक शाळा संहितेनं ते दार अगदी किलकिलं ठेवलंय: लेखनातली उघड चूक असेल आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी असेल तरच. खरी तारीख आठवते म्हणून दाखला बदलून मिळत नाही. त्यामुळं माणसं उलटं करतात. शाळेची तारीख खरी धरतात, आधार, पॅन, पासपोर्ट सगळं तिच्यावर बेततात, आणि पुढं कधी ग्रामपंचायतीत खऱ्या तारखेची नोंद सापडली तर ती कुणाला दाखवत नाहीत.

फडात जन्मलेली

या जिल्ह्याची स्वतःची एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना सुचत नाही. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, आईबाप जिथले आहेत तिथं नाही. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात जन्मलेलं लेकरू कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत, फडाशेजारच्या कोपीत जन्मतं. दवाखान्यात नेलं तर नोंद दवाखान्यातून होते. नाही नेलं तर कायदा २१ दिवस देतो. त्या २१ दिवसांत टोळी एका गावच्या शिवारातून दुसऱ्या गावात गेलेली असते, आणि बाळंतीण पुन्हा मोळ्या बांधायला लागलेली असते. शिरोळ तालुक्यातल्या नाही तर कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीत जाऊन, ओळख नसलेल्या कारकुनासमोर उभं राहून नोंद करायला कुणाला फुरसत? गावी परतल्यावर अंगणवाडीत नाव लागतं, पुढं शाळेत लागतं, आणि जन्मस्थळ म्हणून बिनदिक्कत ‘लिंबागणेश’ किंवा ‘ता. जि. बीड’ लिहिलं जातं.

त्यातल्याच एखाद्या पोराला पंचवीस वर्षांनी व्हिसासाठी जन्मदाखला लागतो. वर्ष उलटून गेलेली नोंद करायला आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे. २०२३च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडं, म्हणजे महसूल खात्याकडं आला. मग अर्ज करायचा कुठं? जन्म शिरोळला, कागद सगळे बीडचे. खरं सांगितलं तर तीनशे किलोमीटरवर हेलपाटे, आणि तिथं पुरावा शून्य. खोटं सांगितलं तर घराजवळ काम, आणि सगळे पुरावे जुळतात. कोण काय करतं हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

१ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला आणि जन्मस्थळाला जन्मदाखला हाच पुरावा आहे. मास्तरांची दौत तिथं वाळली. फडातल्या नोंदीचं काय, हा प्रश्न मात्र तिथल्या तिथं आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गावोगाव मजुरांची नोंदणी ग्रामसेवकांनीच केली, ओळखपत्रं दिली. टोळी कुठल्या कारखान्याला गेली हे गावात ठाऊक असतं. तिथल्या बाळंतपणाची नोंद कळवायची कुणी, हे कुणाचंच काम नाही.

नाव एक, कागद पाच

बीडच्या कोर्टाबाहेर नोटरींच्या टेबलांपाशी थोडा वेळ उभं राहिलं तर सगळ्यात जास्त खपणारा मसुदा कळतो: ‘वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.’

दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर वडिलांच्या नावापुढं ‘राव’ लागलेला, पासपोर्टात गळालेला. मुलींचं तर लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येकींचं पहिलं नावही सासरी तांदळात लिहून बदललेलं असतं. शाळेतली मुलगी आणि पासपोर्टातली बाई एकच आहे, हे सांगणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो १९९८च्या कायद्यानं खेड्यात ग्रामसेवकच देतो. लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची माहिती. व्हिसाची वेळ आली की पस्तीस वर्षं संसार केलेली जोडपी तिथं लग्नाची नोंद करायला येतात, आणि पत्रिका जपून ठेवलेली निघते ती बहुधा बाईच्या माहेरी. नाव बदलल्याचं राजपत्र काढायचं असेल तर ते आता ऑनलाइन निघतं, पण त्यातही आधी काय होतं ते सिद्ध करायला जुना कागद लागतोच.

गावांच्या नावांचंही तेच. जुन्या इंग्रजी कागदांत बीड ‘भीर’ आहे, कुठं ‘बिड’, कुठं ‘बीड’. लिंबागणेश एका शब्दात की दोन शब्दांत, यावर कचेऱ्यांचं एकमत नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं २०२३ला. त्याआधीच्या पदवीवर शहर एक, आजच्या विद्यापीठाच्या पत्रावर दुसरं. आपल्याला ते वाचताना अडखळायला होत नाही. संगणकात अक्षर जुळवून बघणाऱ्याला होतं.

नोटरी हा या उतरंडीतला सगळ्यात सहज सापडणारा माणूस. २०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं एकट्या महाराष्ट्रात १४ हजारांहून अधिक वकिलांना नोटरी नेमलं. लाल गोल शिक्का, तिकीट, रजिस्टरात अनुक्रमांक आणि सही. नोटरी प्रतिज्ञापत्रावर ‘माझ्यासमोर सही केली’ म्हणतो, नकलेवर ‘मूळ पाहिलं, नक्कल बरोबर’ म्हणतो. मूळ खरं आहे असं तो म्हणत नाही, आणि हे समोरच्या माणसाला तो सांगत बसत नाही. भाषांतराचं काम शेजारच्या टायपिंगवाल्याकडं. ब्रिटनला पाठवायचं असेल तर भाषांतरकारानं ते अचूक असल्याचं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. टायपिंगवाल्याला हे पाठ होतं. कुठल्या देशाला काय लागतं याची बीडमधली सगळ्यात ताजी माहिती, माझ्या मते, त्याच्याकडं होती.

गंमत अशी की आपल्याच सरकारनं हा शिक्क्यांचा सोस घरात कमी केला. महाराष्ट्रानं २०१५ साली स्वयंसाक्षांकन आणलं. राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात झेरॉक्स घेऊन उभं राहणं संपलं, माणसानं स्वतःच्या नकलेवर स्वतः सही करावी. देशात आपल्या शब्दावर भागतं. देशाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की आपला शब्द सोडून बाकी सगळ्यांचा लागतो.

नऊ सेंटिमीटरचा चौकोन

पूर्वी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मान्य व्हायला राज्य, परराष्ट्र खातं, त्या देशाचा दूतावास, आणि पुन्हा तिकडचं परराष्ट्र खातं, अशी रांग लागायची. ती तोडण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ला हेग इथं करार झाला. करारातल्या देशांनी एकमेकांचं एकच प्रमाणपत्र मानायचं: अपॉस्टिल. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, वर फ्रेंच मथळा, आत दहा क्रमांकित रकाने. भारत या करारात २००५च्या जुलैपासून आहे. आपल्याकडं अपॉस्टिल परराष्ट्र मंत्रालय देतं. आधी फक्त दिल्लीत मिळायचं, २०१९पासून मुंबईसह इतर काही शहरांतही मिळतं. सरकारी शुल्क कागदाला ५० रुपये. २०१२पासून मंत्रालय माणसांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांच्या खिडकीतून घेतं. त्या संस्थांचं शुल्क वेगळं आणि मधल्या एजंटाचं त्याहून फार वेगळं.

पण मंत्रालयाच्या आधी राज्य. लिंबागणेशच्या ग्रामसेवकाची सही दिल्लीला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून जन्म-विवाहाच्या दाखल्यावर राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाची सही, पदवीवर शिक्षण विभागाची, व्यापारी कागदावर चेंबर ऑफ कॉमर्सची. ज्यांना मुंबईचे हेलपाटे नकोत त्यांना एजंट दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का मारून आणून देतात. कधीही लिंबागणेशचं नाव न ऐकलेला दिल्लीतला अधिकारी लिंबागणेशच्या दाखल्यावर सही करतो. काही दूतावास तो शिक्का मानत नाहीत, आणि ते पैसे भरून झाल्यावर कळतं. बीडला रेल्वे आली २०२५च्या मुक्तिसंग्रामदिनी. कागद मात्र अजूनही कुरिअरनंच जातात, आणि मूळ कागद गहाळ होईल या धास्तीनं आईबाप ते परत येईपर्यंत रोज फोन करतात.

आता त्या दहा रकान्यांत काय असतं ते बघा. देश कोणता, सही कुणाची, कुठल्या पदावरच्या माणसाची, शिक्का कुणाचा, कुठं, कधी, कुणी प्रमाणित केलं, क्रमांक. बस. दाखल्यातली तारीख खरी का, माणूस तिथंच जन्मला का, लग्न खरंच झालं का, याचा एकही रकाना नाही. करारानंच तसं ठरवलंय. वरच्या प्रत्येक कचेरीनं फक्त खालच्या कचेरीची सही ओळखायची. मंत्रालय म्हणतं ही सही विभागाची, विभाग म्हणतो ही सही स्थानिक अधिकाऱ्याची. मजकुराची जबाबदारी ढकलत ढकलत पुन्हा त्या ग्रामपंचायतीच्या कपाटावर आणि मास्तरांच्या जनरल रजिस्टरावर येते. हजारो रुपये आणि कित्येक महिने खर्चून आपण जे प्रमाणित करून घेतो ती सही असते. खरेपणा, असलाच तर, पहिल्याच दिवशी लिंबागणेशात ठरून गेलेला असतो.

हे मी टीका म्हणून लिहीत नाही. दिल्लीतल्या माणसानं बाईंचा जन्म तपासायचा म्हटलं तर तो तपासणार कसा? सही ओळखणं एवढंच त्याला शक्य आहे. फक्त मग खालच्या रजिस्टराकडं आपण जितकं दुर्लक्ष करतो, तितकं परवडणारं नाही. एकेका ग्रामसेवकाकडं दोन-दोन गावं, जागा रिकाम्या, आणि ऑनलाइन पोर्टल बंद असेल त्या दिवशी ‘उद्या या’.

आखात आणि जर्मनी

आखातात जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. सौदी अरेबिया २०२२च्या डिसेंबरपासून हेग करारात आला, आता तिथं अपॉस्टिल चालतं. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत अजून बाहेर. तिथं जायचं तर जुनी रांगच: राज्य, परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास. बीड शहरातला एक वेल्डर मला म्हणाला, “माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटला माझ्यापेक्षा जास्त शिक्के आहेत.” दहावीचा आग्रह उगाच नाही. १९८३च्या स्थलांतर कायद्याखाली दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर शेरा येतो आणि आखातासह १८ देशांत कामाला जाताना त्याला वेगळी परवानगी घ्यावी लागते. दहावीचा कागद त्यातून सोडवतो. म्हणून त्या कागदावर शिक्के सगळ्यात दाट.

पोलिसांचा दाखलाही लागतो. तो पासपोर्ट कार्यालय देतं, पण त्यासाठीची चौकशी इथं नेकनूर पोलीस ठाण्यातून होते. त्याची मुदत देशागणिक वेगळी, बहुधा थोड्या महिन्यांची. मेडिकल, कंत्राट आणि हा दाखला तिन्ही एका वेळी जिवंत असावे लागतात. एक संपला की पुन्हा.

जर्मनी मात्र कोड्यात टाकतो. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुणांना तिकडं कामाला पाठवायचं. गावोगाव जर्मनची चर्चा सुरू झाली, नर्सिंगच्या मुलींनी वर्ग लावले. आणि जर्मनी तर हेग कराराचा जुना सभासद. पण भारत करारात आला तेव्हा जर्मनीनं हरकत घेतली आणि ती मागं घेतली नाही. त्यामुळं भारतीय अपॉस्टिल जर्मनीसाठी नाही. तरीही ‘जर्मनीसाठी अपॉस्टिल’ म्हणून पैसे घेणारे आहेत. पोरींच्या बापांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितो.

जर्मनी काय करतो? मुलगी एकटी जाते तेव्हा तिची पदवी, नोंदणी तिकडची यंत्रणा तपासते. पण पुढं नवरा, मूल बोलवायचं म्हटलं की जन्म-विवाहाचे दाखले आले. मग त्यांचा दूतावास शिक्क्यावर भरवसा ठेवण्याऐवजी अर्जदाराच्या खर्चानं पडताळणी करून घेतो. त्यांनी नेमलेला माणूस, बहुधा इथलाच वकील, प्रत्यक्ष जिथून दाखला निघाला त्या कचेरीत जातो, रजिस्टर बघतो, अनुक्रमांक बघतो, लागलं तर शेजाऱ्यांना विचारतो. महिने लागतात. वरून खाली येणारी ही एकमेव वाट मला या सगळ्या प्रवासात दिसली.

परतताना भाऊसाहेबांना हे सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. “येऊ द्या की. माझ्याकडचं असेल ते दाखवीन. जुनं असेल तर बीडला तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जावं लागेल, तिथं अर्ज करावा लागेल.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि सोमवारी या म्हणावं. मंगळवार-बुधवार मी दुसऱ्या गावाला असतो.”